आठ तास की बेचाळीस दिवस?

बॉर्टेझोमिब नावाचं एक औषध आहे. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर ते देतात. काचेच्या छोट्या व्हायलच्या तळाशी पांढरी भुकटी असते आणि तिच्यात साडेतीन मिलिग्रॅम औषध. खोक्यावरची एक्स्पायरी वाचली तर तारीख दोन-तीन वर्षं पुढची सापडते. आता त्याच व्हायलमध्ये सिरिंजने थोडं सलाईन सोडा. भुकटी विरघळते, द्रव नितळ दिसतो, आणि खोक्यातलं घडी केलेलं माहितीपत्रक सांगतं की हे आता आठ तासांत वापरा. काही वर्षांचं आयुष्य एका क्षणात आठ तासांवर आलं!

आता पैशांचा हिशोब बघा. या औषधाचा डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो, दर चौरस मीटरला १.३ मिलिग्रॅम. लहान चणीच्या एखाद्या बाईचं पृष्ठफळ दीड चौरस मीटर असेल, तर तिला १.९५ मिलिग्रॅम पुरतं. व्हायलमध्ये १.५५ मिलिग्रॅम उरतं, म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या औषधाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग. आठ तासांत दुसरा पेशंट आला नाही, तर तो भाग कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो.

२००८ साली टोरांटोच्या सनीब्रूक रुग्णालयातल्या औषधतज्ज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला. आठ तासांनंतर या औषधाचं नेमकं होतं तरी काय? त्यांनी ते सलाईनमध्ये विरघळवून ठेवलं आणि दिवसांमागून दिवस मोजत राहिले. औषध बेचाळीस दिवस टिकलं. फ्रीजमध्ये टिकलंच, पण खोलीच्या तापमानालाही टिकलं.

माहितीपत्रकातला आकडा आठ तास आणि प्रयोगशाळेतला बेचाळीस दिवस. शंभरपटीहून जास्त फरक! यात कोणी तरी खोटं बोलत असणार असं वाटतं ना? पण दोन्ही आकडे खरे आहेत. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत रसायनशास्त्र आहे, जंतुशास्त्र आहे, हवेचं भौतिकशास्त्र आहे, आणि जगभरच्या रुग्णालयांचे अब्जावधी रुपये आहेत.

कोणतंही इंजेक्शन एकाच वेळी दोन घड्याळांवर चालतं. पहिलं घड्याळ रेणूचं: औषधाचा रेणू किती वेळात मोडतो? दुसरं जंतूंचं: द्रवात एखादा जंतू शिरला तर तो किती वेळात घातक संख्येला पोचतो? लोणच्याची बरणी आठवा. मीठ-तेलात बुडालेल्या फोडी वर्षभर टिकतात, तो झाला रेणूचा हिशोब. पण कुणी ओला चमचा घातला, की आठवड्यात वर बुरशी दिसते. घरातली आजी बरणीला स्वतःशिवाय कुणाला हात लावू देत नाही, त्यामागे हे दुसरं घड्याळ असतं. टोरांटोच्या तज्ज्ञांनी मोजलं ते पहिलं घड्याळ. कंपनी आठ तास लिहिते, तेव्हा तिला दुसऱ्या घड्याळाचाही धाक असतो. आपलं औषध कुठे उघडलं जाईल हे कंपनीला ठाऊक नसतं. ते एखाद्या सुसज्ज केंद्रात उघडलं जाईल किंवा पंख्याखालच्या टेबलावर.

आधी पहिलं घड्याळ. भुकटी वर्षानुवर्षं का टिकते? कारण तिच्यात पाणी नाही. रेणू मोडायचे बहुतेक मार्ग पाण्यातून जातात. पाणी आलं की रेणू हलू लागतात, एकमेकांवर आदळतात, पाण्याचे रेणू कमकुवत बंधांवर हल्ला करतात. म्हणून नाजूक औषधं कारखान्यात गोठवतात आणि निर्वात जागेत त्यांच्यातला बर्फ थेट वाफेच्या रूपाने उडवून लावतात. उरतो तो कोरडा, सच्छिद्र गोळा, म्हणजेच व्हायलच्या तळाची ती भुकटी.

ॲझासायटिडिन या औषधाकडे बघा. मायलोडिस्प्लॅस्टिक सिंड्रोम या रक्ताच्या आजारावर ते देतात. त्याच्या रेणूत अणूंचं एक कडं आहे, आणि पाण्याचा स्पर्श झाला की ते कडं उघडू लागतं. साध्या पाण्यात कालवून खोलीत ठेवलं तर एक तासाची मुदत. कालवून लगेच फ्रीजमध्ये ठेवलं तर आठ तास. आता गंमत बघा. कालवण्यासाठी घेतलेलं पाणीच आधी फ्रीजमध्ये थंड केलेलं असेल, तर मुदत बावीस तास! औषध तेच, पाणी तेच, फ्रीजही तोच. फक्त पहिली काही मिनिटं पाणी कोमट होतं की गार, एवढ्यावर आठाचे बावीस झाले. त्या मिनिटांत रेणूंची जी मोडतोड होते, ती नंतर कितीही थंडी दिली तरी भरून निघत नाही. सकाळी कालवलेलं औषध दुसऱ्या दिवशी सकाळी वापरता येणं आणि न येणं, हा फरक पाण्याची बाटली आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवण्याने पडतो.

मग थंड जितकं जास्त तितकं बरं, असं म्हणावं का? इथे निसर्ग चकवतो. ॲम्पिसिलिन हे जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं प्रतिजैविक. त्याचं द्रावण उणे वीस अंशांवर गोठवलं, तर ते फ्रीजमधल्या पाच अंशांपेक्षा लवकर खराब होऊ शकतं, हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच संशोधकांच्या लक्षात आलं होतं. गोठवल्यावर लवकर खराब? कारण असं की बर्फ होतो तो शुद्ध पाण्याचा. बर्फाचे स्फटिक वाढताना औषधाच्या रेणूंना बाहेर ढकलतात, आणि उरलेल्या चिंचोळ्या द्रवात ते दाटीवाटीने कोंडले जातात. ॲम्पिसिलिनचा रेणू स्वतःच्या शेजाऱ्याचं कडं फोडणारा आहे. गर्दी झाली की मारामारी वाढते. म्हणून प्रत्येक औषध वेगळं तपासावं लागतं. अंदाज चालत नाही, एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

तपासतात कसं? नितळ द्रवाकडे बघून काहीच कळत नाही, अर्धं औषध मोडलेलं असलं तरी तो नितळच दिसतो. त्यासाठी क्रोमॅटोग्राफी आहे. १९०३ साली वॉर्सा इथे मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांचा रस खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून सोडला, आणि पानातले रंग एकमेकांपासून वेगळे होऊन नळीत पट्ट्यांसारखे उभे राहिले. आजच्या यंत्रात खडूच्या जागी अतिसूक्ष्म कण ठासलेली पोलादी नळी असते आणि द्रव प्रचंड दाबाने ढकलला जातो, पण तत्त्व तेच. प्रत्येक रेणू नळीतून आपापल्या वेळेला बाहेर पडतो. पडद्यावर एक सुळका उमटतो, त्याच्या क्षेत्रफळावरून औषध किती शिल्लक आहे ते कळतं. साधारणपणे नव्वद टक्के शिल्लक असेपर्यंत औषध वापरण्याजोगं मानतात.

पण एक शंका राहते. मोडलेल्या रेणूचा तुकडा त्याच वेळेला बाहेर पडला आणि त्याच सुळक्यात लपून बसला तर? तर आपण मेलेल्या औषधाला जिवंत समजू. म्हणून खरी चाचणी सुरू होण्याआधी हे तज्ज्ञ औषधाचा मुद्दाम छळ करतात. आम्लात उकळतात, अल्कलीत उकळतात, हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, प्रखर प्रकाशात ठेवतात. औषध जितक्या प्रकारे मोडू शकतं तितक्या प्रकारे मोडून घेतात, आणि प्रत्येक तुकडा मूळ रेणूपासून वेगळा दिसतो याची खात्री करतात. त्यानंतरच बेचाळीस दिवसांची मोजणी सुरू होते. त्या एका आकड्यामागे असा धीर असतो!

प्रथिनांची औषधं आणखी हट्टी. ट्रॅस्टुझुमॅबसारखी अँटिबॉडी म्हणजे हजारो अणूंची, विशिष्ट घड्या घातलेली रचना. ती न तुटताही बिघडू शकते. घडी उलगडली, दोन रेणू एकमेकांना चिकटले, की गुठळी झाली. जोरात हलवलं तर हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावरही हे घडतं, म्हणून अशा व्हायलवर हलवू नका असं बजावलेलं असतं. अशा औषधांचं काही खरं नाही असंच सगळे धरून चालले होते. पण पॅरिसजवळच्या क्रेतेय इथल्या रुग्णालयातल्या औषधतज्ज्ञांनी २०१३ साली दाखवून दिलं की पिशवीतल्या सलाईनमध्ये मिसळलेलं ट्रॅस्टुझुमॅब चार अंशांवर सहा महिने शाबूत राहतं.

म्हणजे पहिलं घड्याळ पुष्कळदा माहितीपत्रकापेक्षा बरंच सैल असतं. आता दुसऱ्याकडे वळू, आणि इथे श्वास रोखून आकडे बघा.

आतड्यातला ई. कोलाय हा जंतू मनासारखं अन्न आणि ऊब मिळाली तर दर वीस मिनिटांना दुप्पट होतो. तासात तीन वेळा, आठ तासांत चोवीस वेळा. एकापासून सुरुवात केली तर आठ तासांनी किती? एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त! प्रत्येक औषधात जंतू इतक्या वेगाने वाढत नाहीत, काहींत मरतातही, फ्रीजमध्ये बहुतेकांची वाढ मंदावते. पण आपण जे रक्तात, डोळ्यात किंवा पाठीच्या कण्यात सोडणार आहोत, तिथे नशिबावर विसंबता येत नाही.

मग इन्सुलिनची बाटली उघडल्यावर चार आठवडे कशी चालते? तिचा तो ओळखीचा दवाखान्यासारखा वास आठवा. तो फेनॉल किंवा त्याच्या भाऊबंदांचा. ते परिरक्षक जंतूंना वाढू देत नाहीत. मग प्रत्येक इंजेक्शनात तेच घालून का मोकळं होत नाहीत? कारण जे जंतूला मारतं ते पेशीलाही सोडत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अकाली जन्मलेली काही बाळं दगावली, तेव्हा शोधता शोधता बोट गेलं ते त्यांच्या नळ्या धुवायच्या द्रावणातल्या बेंझिल अल्कोहोल या परिरक्षकावर. नवजात बाळं, डोळ्याचा आतला भाग, मेंदूभोवतीचा द्रव, इथे परिरक्षक नकोच. तिथे एकच उपाय उरतो: जंतू आत येऊच द्यायचा नाही.

आणि तो उपाय सापडला कुठे, तर अणुबॉम्बच्या कारखान्यात! अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या आल्बुकर्की इथे सँडिया प्रयोगशाळा अण्वस्त्रांचे बारीक यांत्रिक भाग बनवायची, आणि धुळीचा एखादा कण त्यांना निकामी करायचा. लोक खोल्या घासून पुसून काढायचे, तरी हवेत धूळ राहायचीच, कारण माणूस हलला की धूळ उडते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या विलिस व्हिटफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाने विचार उलटा केला. हवेतली धूळ वेचत बसण्यापेक्षा हवाच सतत बदलत राहिली तर? त्याने गाळलेली हवा एका बाजूने शांत, एकसंध पडद्यासारखी सोडली आणि दुसऱ्या बाजूने काढून घेतली. कुठे भोवरा नाही, कुठे हवा मागे फिरत नाही. धूळमापक यंत्राचा आकडा इतका खाली आला की यंत्रच बिघडलंय असं त्यांना वाटलं.

या हवेला गाळणाऱ्या फिल्टरमध्येही एक नवल दडलेलं आहे. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. मग त्याहून बारीक कण निसटत असतील? नाही, ते तर अधिक सहज अडकतात! मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात. अतिबारीक कणांना हवेचे रेणू सतत ढुश्या देतात, त्यामुळे ते वेडेवाकडे भरकटतात आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला लागतात. मधल्या मापाचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण सगळ्यात चतुर. म्हणून परीक्षा त्यांच्यावरच घेतात.

रुग्णालयाच्या फार्मसीत अशा हवेचं कपाट असतं. तिथल्या हवेत एका घनमीटरमध्ये अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. साध्या खोलीत ते कोट्यवधींच्या घरात असतात. कपाटापुढे बसलेली फार्मसिस्ट टोपी, मास्क, गाऊन आणि निर्जंतुक हातमोजे घालून काम करते. कर्करोगाच्या औषधांसाठी हवा वरून खाली येते, म्हणजे विषारी थेंब उडाला तरी तिच्या तोंडावर येत नाही.

तिचे हात जवळून बघा. व्हायलचं प्लॅस्टिकचं टोपण उडवलं की खालचं रबरी बूच दिसतं. ते निर्जंतुक आहे असं ती गृहीत धरत नाही. सत्तर टक्क्यांच्या अल्कोहोलने पुसते आणि थांबते, ते पूर्ण वाळू देते. शंभर टक्के का नाही? कारण जंतूंची प्रथिनं गोठवायला थोडं पाणी लागतंच, निव्वळ अल्कोहोल त्या कामी कमी पडतं. मग सुई तिरकी टेकवून आत घालते, म्हणजे बुचाचा तुकडा कापला जाऊन औषधात पडत नाही. काढायचं आहे त्यापेक्षा थोडी कमीच हवा आत सोडते, म्हणजे व्हायलमध्ये किंचित ओढ राहते आणि सुई काढताना औषध बाहेर फवारलं जात नाही. आणि या सगळ्या हालचालींत एक नियम ती कधीच मोडत नाही: फिल्टरमधून आलेली हवा आणि सुईचं टोक यांच्या मध्ये तिचं बोटही येत नाही. त्या टोकाला लागणारी हवा कशालाही न शिवता थेट फिल्टरमधून आलेली असली पाहिजे.

ती हे नीट करते हे कशावरून ठरवायचं? तिला खोटं औषध बनवायला लावतात. औषधाच्या जागी सोयाबीन आणि दुधातल्या प्रथिनांचा रस्सा देतात, जंतूंचं आवडतं खाद्य. नेहमीच्याच हालचालींनी ती तो व्हायलमधून सिरिंजमध्ये, सिरिंजमधून पिशवीत नेते. मग त्या पिशव्या चौदा दिवस उबेत ठेवतात. रस्सा नितळ राहिला तर ती उत्तीर्ण. जरा गढुळला, तर एक जंतू कुठून तरी आत शिरला होता. तिच्या हाताला न जाणवलेली चूक दोन आठवड्यांनी डोळ्यांना दिसते.

आणि आता मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. अमेरिकेच्या औषधसंहितेत ७९७ क्रमांकाचं एक प्रकरण आहे, त्याची सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये लागू झाली. त्यानुसार इंजेक्शन साध्या खोलीतल्या अशा कपाटात भरलं, तर मुदत खोलीच्या तापमानाला बारा तास, फ्रीजमध्ये चोवीस तास. तेच कपाट गाळलेल्या हवेच्या, बंदिस्त, नियमित तपासल्या जाणाऱ्या खोल्यांच्या आत असेल, तर रेणूची तक्रार नसेल तोवर खोलीच्या तापमानाला चार दिवस, फ्रीजमध्ये दहा दिवस, गोठवून पंचेचाळीस दिवस. त्या तुकडीची जंतुपरीक्षा करून ती उत्तीर्ण झाली, तर फ्रीजमधली मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाते. औषध एकच, सिरिंज एकच, हात एकच. भिंतींपलीकडची हवा बदलली आणि लेबलवरची तारीख बदलली! तारीख औषधात नसते, ती खोलीत असते, असं म्हणायला हरकत नाही.

या तारखेला केवढी किंमत आहे, हे कळायला डोळ्यांकडे वळू. उतारवयात काहींच्या दृष्टिपटलाखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, त्या पाझरतात आणि समोरचा चेहरा दिसेनासा होतो. या वाहिन्यांना वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मंजूर झालं ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. त्याच कंपनीचं रॅनिबिझुमॅब हे त्याचं नातलग औषध खास डोळ्यांसाठी तयार होत होतं. ते यायच्या आधीच, २००५ मध्ये, मायामीतले नेत्रतज्ज्ञ फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाच्या व्हायलमधला एक इवलासा भाग ६३ वर्षांच्या एका बाईच्या डोळ्यात टोचला. आठवड्याभरात दृष्टिपटलाखालचं पाणी ओसरलं.

किती इवलासा? डोळ्यासाठी रूढ झालेला डोस ०.०५ मिलिलिटर. व्हायल चार मिलिलिटरची. भागून बघा: कागदावर ऐंशी डोळे! प्रत्यक्षात सिरिंजच्या टोकाशी काही अडकतं, हवा काढताना काही जातं, म्हणून दुप्पट भरलं तरी चाळीस. कर्करोगाच्या एका पेशंटला एका वेळी याहून कितीतरी जास्त औषध लागतं, म्हणून व्हायल त्या मापाची. डोळ्यासाठी ती व्हायल एका माणसासाठी फोडून फेकायची असती, तर हा उपचार कुणालाच परवडला नसता. निर्जंतुक कपाटात ती छोट्या छोट्या सिरिंजमध्ये वाटून, फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर वापरता आली, म्हणून अमेरिकेत तो साधारण पन्नास डॉलरमध्ये बसला. रॅनिबिझुमॅबचा डोस सुमारे दोन हजारांचा होता. स्वस्त ते कमअस्सल असेल? सुमारे बाराशे रुग्णांवर सरकारी खर्चाने तुलना झाली. २०११ साली निकाल आला: सारख्या वेळापत्रकाने दिलं तर दृष्टीवर दोन्हींचा परिणाम सारखाच. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोळ्यांसाठी बेव्हॅसिझुमॅब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

पण त्याच २०११ साली, आणि नेमकं मायामीच्या परिसरातच, दुसऱ्या घड्याळाने आपली किंमत वसूल केली. एकाच औषधालयात भरलेल्या सिरिंजनी बारा जणांच्या डोळ्यांत जबर संसर्ग झाला. जंतू कोणता निघाला? स्ट्रेप्टोकॉकसचा असा प्रकार, जो माणसाच्या तोंडात मुक्कामाला असतो. वाटून घेण्याने बचत जशी गुणली जाते, तशीच चूकही गुणली जाते. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषधालयाच्या बुरशी लागलेल्या इंजेक्शनांनी अमेरिकेच्या वीस राज्यांत ७५३ जण आजारी पडले आणि ६४ दगावले. आपल्याकडे २०१६ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये बेव्हॅसिझुमॅबनंतर रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाला, तेव्हा केंद्रीय औषध नियंत्रकांनी डोळ्यांतल्या वापराविरुद्ध इशारा दिला, आणि काही आठवड्यांनी तो मागे घेतला. माझ्या मते या घटनांचा अर्थ वाटणी थांबवा असा नाही. ज्या खोलीत वाटणी होते, तिच्यावर पैसे खर्च करा, असा आहे. आठ तासांचे दहा दिवस त्या खोलीने होतात, नुसत्या हिमतीने नाही.

पण व्हायलमध्ये औषध उरतं तरी एवढं का? याचं मूळ एका गमतीदार मापात आहे. न्यूयॉर्कमधल्या द्यू बॉय या दोघा संशोधकांनी १९१६ साली पृष्ठफळाचं सूत्र मांडलं. कशावरून? अवघ्या नऊ माणसांवरून! त्यांच्या अंगावर कागदी पट्ट्या चिकटवून अख्ख्या शरीराचा साचा घेतला, तो कापून सपाट केला आणि क्षेत्रफळ मोजलं. जगभर केमोचे डोस आजही याच सूत्राने किंवा त्याच्या भावंडांनी काढतात. म्हणून प्रत्येकाचा डोस वेगळा, १.९५, २.१, २.३४. व्हायल मात्र ठरावीक मापाच्या. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशोब मांडला की कर्करोगाच्या वीस प्रमुख औषधांचं, व्हायलमध्ये उरून फेकलं जाणारं औषधच त्या एका देशात वर्षाला सुमारे १८० कोटी डॉलरचं असेल. शेवटी तिथे कायदा झाला. २०२३ पासून, फेकलेलं औषध ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर त्याचे पैसे कंपनीने सरकारला परत द्यायचे.

आपल्याकडचा पेच निराळा आहे. नातेवाईक चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलमध्ये जातो, व्हायल विकत घेतो, बिल खिशात घालतो आणि वर आणून सिस्टरच्या हातात देतो. ती व्हायल त्याच्या पेशंटची. तिच्यातलं उरलेलं शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला कसं द्यायचं? कुणाच्या बिलावर? म्हणून तेही फेकलं जातं, आणि शेजारचा नातेवाईक त्याच चिठ्ठीसाठी त्याच रांगेत उभा असतो. वाटणी व्हायची तर औषध रुग्णालयाच्या स्वतःच्या साठ्यात हवं, आणि पैसे मिलिग्रॅमवर घेतले पाहिजेत, व्हायलवर नाहीत. काही कंपन्या आपल्याकडे बॉर्टेझोमिबची दोन मिलिग्रॅमची व्हायलही विकतात. लहान चणीच्या पेशंटसाठी तिचं माप जवळजवळ तंतोतंत बसतं, तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्याने ती आठवणीने लिहावी.

वाटणीचं गणित कुठवर नेता येतं ते परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दिसलं. निव्होलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. तो परवडत नसलेल्या, तोंड-घशाचा कर्करोग पुढच्या टप्प्याला गेलेल्या रुग्णांना तिथल्या डॉक्टरांनी तोंडावाटे द्यायच्या औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं. दीडशे रुग्णांच्या या चाचणीत वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं! आणि निव्होलुमॅबची छोटी व्हायल ४० मिलिग्रॅमची आहे. एका व्हायलमध्ये बरोबर दोन माणसं.

मात्र ती दोन माणसं एकाच दिवशी यायला हवीत. म्हणून डे केअरमध्ये औषधांना वार नेमून देता येतात. समजा मंगळवार बॉर्टेझोमिबचा. दीड चौरस मीटरचे सहा पेशंट, प्रत्येकाला १.९५, एकूण ११.७ मिलिग्रॅम. सहा जण सहा वेगवेगळ्या दिवशी आले तर साडेतीनच्या सहा व्हायल फुटतात. एका दिवशी आले तर चार पुरतात आणि वर २.३ मिलिग्रॅम उरतं. टोरांटोची मोजणी सांगते की या उरलेल्या द्रावणातला रेणू बेचाळीस दिवस शाबूत आहे. गाळलेल्या हवेची खोली सांगते की ते त्याच कपाटात लगेच सिरिंजमध्ये भरून लेबल लावलं तर फ्रीजमध्ये दहा दिवस चालेल. या दोन्हींतली जी मुदत आधी संपते ती पाळायची, म्हणजे दहा दिवस. पुढचा मंगळवार सातव्याच दिवशी येतो. तेव्हा पहिल्या पेशंटचा डोस भरलेला असतो, आणि त्या दिवशी एक व्हायल कमी फुटते.